नेपथ्याचं वेड लागलंय, सिव्हिल करता करता कसं शिकू?

दुसरं_वर्ष

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी कॉलेजच्या एकांकिकेला बॅकस्टेजला माणसं कमी पडत होती म्हणून मित्रानं ओढून नेलं, आणि तिथंच अडकलो. मुंबईला गेलेल्या मुलाची आई वाट बघते असा विषय होता, सेट म्हणजे एक दार, चूल आणि सुंभाची बाज, बास. शेवटी तिला कळतं की तो येणार नाही आणि ती बाज उभी करून ठेवते. एकदा तालमीत वायर पुरेना म्हणून मी आमचा एकुलता एक हॅलोजन त्या उभ्या बाजेच्या पलीकडं जमिनीवरच ठेवला आणि बटण दाबलं, तर सुंभाच्या विणीची सगळी जाळी आईच्या अंगावर आणि मागच्या भिंतीवर पडली. ती तुरुंगात उभी आहे असं वाटलं. सगळे गप्प. तिचं शेवटचं वाक्य दिग्दर्शकानं तिथंच काढून टाकलं, म्हणाला आता बोलायची गरज नाही.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. नाटक बघायला गेलो की लाइट कुठून येतोय, दार कुठं आहे, पात्र त्याच खुर्चीवर का बसलं हेच बघत बसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री मी रस्त्यावर उभा होतो, घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं. आता प्रश्न असा की मला चित्रकला बेताचीच येते, घरी बाबा म्हणतात आधी डिग्री, आणि इथं नेपथ्य शिकवणारं कोणी माझ्या माहितीत नाही. सुरुवात कुठून करू? सिव्हिल सोडावं का?

विंगेतला

मित्रा, मी चौदा वर्षं मुंबईत व्यावसायिक नाटकांचे सेट लावतोय, आधी नुसते लावायचो, आता एका नेपथ्यकारांचा असिस्टंट आहे. चित्रकलेची काळजी सोड. नेपथ्य म्हणजे मागे लावायचं चित्र नाही. आमचे सर संहिता हातात आली की पेन्सिलला हात लावत नाहीत, आधी तीन वेळा वाचतात आणि फक्त एवढंच लिहून काढतात की कोण कुठून आलं, कुठे गेलं, कुणाला कोण दिसायला नको. त्यातून दार ठरतं, दारातून पायरी ठरते, भिंतीचा रंग सगळ्यात शेवटी. तुझ्या बाजेचंच बघ, ती आधी झोपायची वस्तू होती, नंतर रिकामी झाली, म्हणून ती जाळी लागली माणसाला. नुसती सुंदर सावली असती तर कोणी गप्प झालं नसतं.

दुसरी गोष्ट, आमच्याकडे सेट टेम्पोत मावला पाहिजे. दुपारी ठाण्याला प्रयोग, रात्री डोंबिवलीला, मध्ये सेट सोडायचा, भरायचा, उतरवायचा, परत उभा करायचा. प्रत्येक स्टेजची रुंदी वेगळी, विंगा, म्हणजे बाजूच्या आडोशाच्या जागा, वेगळ्या. म्हणून फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचे सुटे तुकडे, बिजागरीवर दुमडणारे करतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर नंबर टाकतात, अंधारात हाताला सापडायला हवा.

माझी चूक सांगतो म्हणजे तू करणार नाहीस. पहिल्यांदा स्वतः सेट केला हौशी संस्थेसाठी, डावीकडचं दार मी प्रेक्षकांच्या बाजूला उघडणारं केलं. कागदावर मस्त दिसत होतं. प्रयोगात बाई दार उघडून उंबऱ्यात उभी राहून पाच मिनिटं बोलते आणि डाव्या बाजूच्या खुर्च्यांवरच्या लोकांना फक्त दाराची पाठ दिसत होती. मी त्या रांगेत जाऊन बसलोच नव्हतो आधी. तेव्हापासून रिकाम्या थिएटरात सगळ्या कोपऱ्यांतल्या खुर्च्यांवर बसून बघतो, शेवटच्या रांगेतल्यासुद्धा.

खडूफळा

अरे बाळा, तू कोल्हापूरचा आणि म्हणतोस शिकवणारं कोणी नाही! बाबूराव पेंटर तुझ्याच गावचे ना. सिनेमात जायच्या आधी ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवायचे. मी सिंधुदुर्गात चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमच्या दशावतारात रंगमंचावर एक लाकडी बाकडं असतं. राजा बसला की सिंहासन, तेच पुढच्या प्रवेशात आणखी काही. लहानपणी देवळाच्या जत्रेत रात्रभर बघताना मला कधीही वाटलं नाही की महाल दिसत नाहीये. तू एकदा डिसेंबरात ये आणि बाकड्यावरच लक्ष ठेवून बघ, किती वेळा त्याचा अर्थ बदलतो.

माणसांचंसुद्धा नेपथ्य होतं. १९७२ साली पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' आलं त्यात ओळीनं उभी राहिलेली माणसं हीच भिंत आणि हाच पडदा. ती ओळ पाठमोरी झाली की तिच्याआड काय चाललंय ते तुम्हाला कळतं, आणि ते लपवलं जातंय हेही कळतं. सुताराची मजुरी शून्य आणि गोष्ट केवढी सांगितली.

आणि रंगाचं एक आत्ताच करून बघ. निळा रंग लावलेला पुठ्ठा घे, दिव्यापुढं पिवळं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लाव आणि पुठ्ठ्यावर उजेड टाक. निळा मरतो, काळपट दिसतो. सेट रंगवणारा आणि लाइट करणारा एकमेकांशी बोलले नाहीत की हेच होतं, मग ऐन रंगीत तालमीला रडारड.

पिनहोल

वरच्या दादांचं पटतं पण ड्रॉइंगबद्दल थोडं वेगळं मत. सुंदर चित्र नको हे खरं, पण प्लॅन (वरून दिसणारा नकाशा) आणि सेक्शन (उभा छेद) यायलाच हवेत, नाहीतर सुताराला काय देणार? आणि ते तुला सिव्हिलमध्ये शिकवतायतच की! आठ माणसं ज्या लेव्हलवर, म्हणजे उंच चौथऱ्यावर, नाचणार तिच्याखाली टेके किती आणि कुठे, हे तुला कळतं, भल्याभल्यांना कळत नाही. त्यामुळे डिग्री अजिबात सोडू नकोस. तशीही दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते, वर नाटकात काम केल्याचा अनुभव बघतात. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स हेही आहेत. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कलादिग्दर्शनाचा कोर्स आहे पण तो सिनेमाकडे झुकलेला आणि तिथे पदवी चित्रकला, आर्किटेक्चर, इंटिरियर अशा विषयातली मागतात, ते आधी नीट बघून घे.

तोपर्यंत राज्य नाट्य स्पर्धेतल्या एखाद्या संस्थेत घुस. तिथे नेपथ्य आणि प्रकाशयोजनेला वेगळी बक्षिसं असतात, त्यामुळे ते लोक या बाजूकडे लक्ष देतात. आणि प्रकाशयोजनाकार तापस सेन हे नाव लिहून ठेव. १९५९ साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी चढत जातंय हे त्यांनी प्रकाशातून उभं केलं होतं. स्टेजवर पाण्याचा थेंब नाही. तुझा हॅलोजन आणि ते एकाच घराण्यातले आहेत असं मला मनापासून वाटतं.

एक काम देते. त्याच एकांकिकेच्या सेटचं मॉडेल कर, १:२५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढं, आणि त्यात माणूस ठेवायला विसरू नको. माणसाशिवाय मॉडेल म्हणजे शोकेस.

दुसरं_वर्ष

सगळ्यांचे खूप आभार, दहा दिवसांनी लिहितोय कारण मॉडेल करत होतो. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा वापरला, बाजेला शिवणाचा दोरा विणला. साडेपाच फुटाची आई १:२५ मध्ये पावणेसात सेंटिमीटरची झाली, ती ठेवल्यावर कळलं की चूल तिच्या गुडघ्यापर्यंत येतीय, म्हणजे गेल्या वर्षी आम्ही चूल केवढी मोठी केली होती! खडूफळा ताई, डिसेंबरात नक्की येतो.

काल रात्री मोबाइलचा टॉर्च लावून बाजेची सावली बघत होतो तर बाबा मागं येऊन उभे राहिले. ते बांधकामावर सुपरवायझर आहेत. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग खाली वाकून एक डोळा मिटून बाजूनं बघितलं आणि म्हणाले, "हे दार आत उघडतंय, मग आत आलेला माणूस बाज ओलांडून जाणार काय?" मी प्लॅन दाखवला. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून बिजागरी दुसऱ्या बाजूला केली आणि बाज फूटभर मागं सरकवली. आता दार उघडलं की आई सगळ्या बाजूंनी दिसते, पण सावली भिंतीवर अर्धीच येतीय. विंगेतला दादा, हॅलोजन आणखी मागं न्यावा की भिंतच पुढं घ्यावी?