आंबा घाट उतरायचा आहे, मेकॅनिकल डिस्क ब्रेक कुठला घ्यावा?

देवरुखचा_पांथस्थ

नमस्कार मंडळी,

माझी साधी हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे शॉक असलेली डोंगरी सायकल) आहे. चाकं २७.५ इंची, पुढेमागे १६० मिमीचे रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी), कॅलिपर (रोटरला पॅडने चिमटणारा भाग) सायकलबरोबर आलेले बिननावाचे मेकॅनिकल, म्हणजे केबलने ओढले जाणारे. सुट्टीच्या दिवशी साखरप्याहून आंबा घाट चढतो आणि त्याच रस्त्याने परत येतो. पावसाळ्यात मार्लेश्वरकडे फिरणं असतं. माझं वजन ८२ किलो, शिवाय पाठीवर बॅग.

त्रास असा, की अर्धा घाट उतरेपर्यंत लिव्हर पार ग्रिपला टेकते. बोटं भरून येतात आणि सायकल हवी तिथे थांबत नाही. पॅड नवीन टाकले, दुकानातून केबल आणि तिच्यावरची नळी, म्हणजे आउटरही बदलून आणली, तरी तेच.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) नको आहे. जवळपास ब्लीड करून (नळीतली हवा काढून) देणारं कोणी नाही, आणि सायकल बऱ्याचदा एसटीच्या टपावरून जाते. शिमानो एम ३७५, एव्हिड बीबी ७, टीआरपी स्पाइक ही नावं ऐकली आहेत. यातलं काय घेऊ?

घाटमाथा

कॅलिपरवर येण्याआधी एक काम करा. मागच्या ब्रेकच्या आउटरचं टोक कॅलिपरपाशी सोडवा, टोपी काढा आणि कापलेलं तोंड नीट बघा. आत गोल गुंडाळलेली चपटी पट्टी दिसते, की लांबीच्या दिशेने सरळ गेलेल्या बारीक तारा? आउटरवर काही छापलं असेल तर तेही सांगा.

देवरुखचा_पांथस्थ

बघितलं. सरळ तारा आहेत, झाडूच्या काड्यांसारख्या गोल उभ्या. जाडीही पुढच्या आउटरपेक्षा कमी वाटते. पुढच्यात गुंडाळलेली पट्टी आहे.

घाटमाथा

मग मागे तुम्हाला गिअरचा आउटर बसवून दिलाय. तो बदलेपर्यंत घाटात जाऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतो. गिअरच्या आउटरमधल्या सरळ तारांना फक्त प्लॅस्टिकच्या वेष्टनाने एकत्र धरलेलं असतं. ब्रेक जोरात दाबला की वेष्टन फाटून तारा बाहेर येतात आणि त्या क्षणी ब्रेक संपतो. हे नेमकं सगळ्यात जोरात ब्रेक लावताना होतं. गिअरचा आउटर साधारण ४ मिमीचा असतो, ब्रेकचा ५ मिमीचा. विकत घेताना एवढं बघितलं तरी पुरे.

आता पुढचा ब्रेक. तिथे गुंडाळीचा आउटर बरोबरच आहे, पण स्वस्तातला असेल तर दाबल्यावर स्प्रिंगसारखा आखडतो. तुमच्या बोटांचा निम्मा जोर तिथेच खर्ची पडतो. ब्रेकसाठीच बनवलेला, न आखडणारा आउटर मिळतो. जॅगवायर आणि योकोझुना दोघांचाही आहे. त्यात तारा सरळच असतात, पण त्यांच्याभोवती मजबूत विणकाम असतं, म्हणून तो फुटत नाही. तो टाकला की आहे त्याच कॅलिपरची पकड बदललेली जाणवते. माझं स्पष्ट मत आहे की पैसे आधी आउटर आणि पॅडवर घालावेत, मग रोटरवर, आणि कॅलिपर शेवटी.

लिव्हर ग्रिपला टेकण्याचं आणखी एक कारण असतं. पॅड झिजले की बहुतेक जण बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण बदलणारी फिरकी) फिरवून केबल ताणतात. त्याने कॅलिपरचा दांडा (केबल ज्याला ओढते तो) आधीच अर्धा ओढलेला राहतो, जोर लागत नाही आणि पुढे दांड्याला जायला जागाच उरत नाही. दांडा पूर्ण मागे सोडायचा आणि अंतर पॅडच्याच स्क्रूने कमी करायचं. एका बाजूचाच पॅड हलणारा कॅलिपर असेल, तर चाकाकडचा स्थिर पॅड रोटरला घासणार नाही इतपत जवळ आणून ठेवा. तो लांब राहिला तर लिव्हरचा सगळा प्रवास रोटर वाकवण्यातच जातो.

सिंहगडवाली

घाटमाथा यांना अनुमोदन. मी बीबी ७ आणि स्पाइक दोन्ही वापरलेत, सिंहगडच्या उतारावर आणि भर पावसातही, म्हणून त्याबद्दल लिहिते.

बीबी ७ मध्ये एकच पॅड हलतो, पण दोन्ही बाजूंना हाताने फिरवायच्या लाल चकत्या आहेत. चिखलात पॅड झपाट्याने झिजतात. अशा वेळी रस्त्याकडेला थांबून, पाना न काढता, दोन खट् फिरवले की ब्रेक परत जागेवर. मेकॅनिकल ब्रेक झीज आपणहून भरून काढत नाही, त्यामुळे या चकत्यांचं मोल फार आहे. बीबी ५ मात्र टाळा, त्यात चकती एकाच बाजूला असते.

स्पाइकमध्ये दोन्ही पॅड आत येतात, रोटर वाकत नाही, लिव्हरला छान भरीव दाब लागतो. अंतर लावायला एलन की लागते. मोठा फायदा असा, की त्यात शिमानो एम ३७५ च्याच आकाराचे पॅड बसतात आणि ते सहज मिळतात. देवरुखला राहून तुम्हाला हे महत्त्वाचं आहे. मी तुमच्या जागी स्पाइक घेईन. बजेट नसेल तर एम ३७५ सुद्धा प्रामाणिक ब्रेक आहे, फक्त नीट लावून घ्यायला हवा.

पॅडबद्दल: रेझिनचे आवाज कमी करतात आणि थंड असतानाही धरतात, पण लाल मातीच्या चिखलात भराभर संपतात. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) जास्त टिकतात, पण ओले झाले की किंचाळतात. आणि घेण्याआधी रोटरवर काय कोरलंय ते वाचा. ‘फक्त रेझिन पॅड’ असं इंग्रजीत लिहिलेलं असेल तर त्यावर सिंटर्ड चालवू नका, रोटर खराब होतो.

तेलपाणी

थोडं वेगळं मत. शिमानोच्या एमटी २०० या हायड्रॉलिक ब्रेकचा विचार एकदा तरी करा. त्यात मिनरल ऑइल असतं, झीज आपोआप भरून निघते, एका बोटावर घाट उतरता येतो. ब्लीडिंगही वारंवार लागत नाही. पण टपावर आडवीतिडवी पडून नळी तुटली तर गावात काहीच करता येणार नाही, हे मान्य आहे.

देवरुखचा_पांथस्थ

सगळ्यांचे आभार. आउटर उद्याच बदलतो. स्पाइककडे मन वळतंय. ऑनलाइन बघताना ‘स्पायर’ असंही एक नाव दिसलं, जरा स्वस्त मिळतंय. तेच ना? आणि रोटर १८० चा घेऊ का?

घाटमाथा

नाही, स्पायर घेऊ नका. तो वाकड्या हँडलच्या रोड सायकलींच्या लिव्हरसाठी आहे, त्या केबल कमी ओढतात. तुमच्या सरळ हँडलवरच्या व्ही-ब्रेक जातीच्या लिव्हर जास्त ओढतात. त्यांना स्पायर जोडला तर लिव्हर कडक लागेल आणि ब्रेक मात्र धरणार नाही. बीबी ७ मध्येही रोड आणि माउंटन असे दोन प्रकार आहेत, वापरलेला माल घेताना हमखास गफलत होते.

रोटर पुढे १८० चा जरूर घ्या. तेवढ्याच जोरात साडेबारा टक्के जास्त पकड मिळते, शिवाय तापतोही कमी. मागे १६० राहू द्या. तुमचा फोर्क १८० ला चालतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात बघा. ॲडॅप्टर मागवण्याआधी फोर्कवरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा: ७४ मिमी भरलं तर पोस्ट माउंट, ५१ भरलं तर आयएस. कॅलिपर बसवायच्या या दोन पद्धतींचे ॲडॅप्टर (मधले जोड) वेगळे.

नवीन पॅड-रोटर बसवल्यावर सपाट रस्त्यावर वेग घेऊन चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा करा. पकड हळूहळू वाढत जाताना कळते. चेनला तेल मारताना रोटरवर फडकं टाका. स्प्रे तर त्याच्या आसपासही नको, तेल प्यायलेला रेझिन पॅड फेकूनच द्यावा लागतो.

सिंहगडवाली

आणि जुना पॅड काढलात की त्याची झीज बघा. एका टोकाला जास्त झिजला असेल तर कॅलिपर तिरका बसलाय. नवा बसवताना दोन्ही बोल्ट सैल ठेवा, लिव्हर दाबून धरा आणि तशाच स्थितीत थोडे थोडे आळीपाळीने आवळा.