पंधरा खाटांचं नर्सिंग होम आणि फ्लूची साथ: आधी काय करावं?

माणदेशी_गडी:
तालुक्याच्या गावी आमचं १५ खाटांचं नर्सिंग होम आहे. मी डॉक्टर नाही, कारभार सगळा बघतो. नव्या फ्लूची साथ आलीच तर कोविडसारखी धावाधाव नको. डॉक्टरसाहेब व्हेंटिलेटर घ्या म्हणतात, पण बजेट बेताचंच आहे. सुरुवात कुठून करू?

निवृत्त_सिस्टर:
व्हेंटिलेटर घ्याल हो दादा, रात्री दोनला चालवणार कोण? आधी तुमचं फाटक बघा.
२००९ ला मी पुण्यात ड्यूटीवर होते. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला आणि गाव तपासणीला लोटलं. नुसता घसा खवखवणारा आणि धाप लागलेला, दोघं एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून! मग सरकारने वर्गवारी काढली. साधा सर्दी-ताप घरीच, तपासणीही नाही. गरोदर बाई, मधुमेही, दमेकरी असेल तर टॅमीफ्लू, म्हणजे फ्लूवरचं औषध. धाप, छातीत दुखणं, नखं निळी पडणं दिसलं की भरती.
ही निवड तुमच्याकडे केसपेपरच्या खिडकीआधी व्हायला हवी. बाहेर पत्र्याच्या शेडखाली टेबल, मास्कचा खोका, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि एक शहाणी सिस्टर, बस्स. खोकणाऱ्यांची बाकं वेगळी, तीन-तीन फुटांवर. त्यांच्या खोलीच्या खिडक्या उघडतात का ते आजच बघा. आमच्याकडे रंगाने चिकटून बसल्या होत्या.
साधा मास्क सगळ्यांना. एन-९५ मात्र घशातून श्वासाची नळी घालताना, सक्शनला म्हणजे घशातला कफ ओढून काढताना, नेब्युलायझर लावताना हवाच. आणि अंगावरचं हे सगळं काढायची रीत मावशींना समोर उभं राहून दाखवा: आधी हातमोजे, मग गाऊन, मास्क शेवटी, तोही खोलीबाहेर येऊन. भिंतीवरचा तक्ता कोणी वाचत नाही.

सिलिंडरवाला:
ऑक्सिजनचं गणित सांगतो. जंबोत, म्हणजे मोठ्या सिलिंडरात, साधारण ७,००० लिटर. मिनिटाला १० लिटरने एका पेशंटला साडेअकरा तास. असे पाच पेशंट म्हणजे दिवसाला दहा-अकरा जंबो. ट्रक कुठून येणार, ते आजच ठरवा. पाना साखळीने सिलिंडरलाच बांधा, ऐन वेळी तोच सापडत नाही.

माणदेशी_गडी:
टॅमीफ्लू भरून ठेवू का?

निवृत्त_सिस्टर:
थोडी ठेवा, एक्स्पायरी बघून. मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे माणशी दहा कॅप्सूल. पहिल्या ४८ तासांत गुण जास्त, म्हणून गंभीर पेशंटला रिपोर्टसाठी ताटकळत ठेवू नये. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. दरवर्षीची फ्लूची लस स्टाफला द्या, मावशी आणि वॉचमन धरून. अर्धा स्टाफ तापाने पडला तर रात्रपाळीला कोण, ती यादीही आत्ताच लिहा. आमच्याकडे तिथेच बोंब झाली होती.