मदत हवी आहे: नहाणी ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय, व्हेंट (गच्चीपर्यंत जाणारा हवेचा पाइप) कसा तपासावा?

बाथरूममध्ये सकाळी गटारासारखा वास येतो. नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीवरच्या जाळीखाली पाणी धरून वास अडवणारा भाग) लिटरभर पाणी ओतलं की थांबतो, म्हणजे कमोडच्या बुडाचा जोड गळत नसावा. ट्रॅपचं सील (वास अडवणाऱ्या पाण्याची खोली) ५० मिमी आहे. रोजच्या वापरात ते एका रात्रीत सुकणार नाही. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की ट्रॅपमध्ये गुडगुड होते आणि पट्टी घालून मोजल्यास पातळी जवळपास ३० मिमी उतरलेली दिसते. जाळीखालचे केस आणि धागे काढले (कडेवरून लोंबणारा धागासुद्धा वातीसारखं पाणी ओढून घेतो), तरी फरक नाही.

उभ्या पाइपमधून पाणी वेगाने उतरताना मागे हवा कमी पडते आणि ती ट्रॅपमधून ओढली जाते, असा अंदाज आहे. पण गच्चीवर व्हेंटचं तोंड मोकळं दिसतं.

अडथळा मधल्या बेंडमध्ये असेल तर भिंत न फोडता कसा शोधायचा? वरून कॅमेरा सोडावा की धूर? ट्रॅपच्या आडव्या पाइपवर एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह (हवा फक्त आत घेणारी झडप) बसवला तर पुरेल का? ७५ मिमी सीलचा ट्रॅप सुचवला गेलाय, पण मूळ कारण तसंच राहील असं वाटतं. हे काम केलेल्यांनी कृपया सांगावं.