टेनिसपटू अल्काराझ २०२४ च्या यूएस ओपनला एवढा गंडला कसा?

ड्यूसवाला:
परवा जुने हायलाइट्स बघताना परत तोच प्रश्न पडला. त्या वर्षी पोरगा फ्रेंच ओपन जिंकला, विम्बल्डन फायनलला जोकोविचला ६-२, ६-२, ७-६ असा धुतला आणि दीड महिन्यात यूएस ओपनच्या दुसऱ्याच राउंडला ७४ व्या रँकच्या बोटिक फान डे झांडशुल्पकडून ६-१, ७-५, ६-४?? एक सेटपण नाही काढला. मी शुक्रवारी पहाटे अलार्म लावून उठलेलो, चहाला उकळी येईपर्यंत पहिला सेट गेलेला, मला वाटलं स्कोअर उलटा दाखवतायत. पाय मुरगळल्याची बातमी होती आधी, पण मग तेच कारण का डोकंच ठिकाणावर नव्हतं?

लालमाती:
कॅलेंडर बघ ना भावा. एप्रिलमध्ये हाताच्या दुखण्यामुळे माँटे कार्लो, बार्सिलोना आणि मग रोमची स्पर्धापण सोडली, मग फ्रेंचला माती, मग विम्बल्डनला गवत, मग पॅरिस ऑलिंपिकसाठी परत माती, तिथे सिंगल्स आणि वर नदालबरोबर डबल्स, आणि फायनलला जोकोविचकडून ७-६, ७-६. त्यानंतर बोलताना रडला होता तो, आठवतंय? मग थकलोय म्हणून मॉन्ट्रियलची स्पर्धा सोडली, सिनसिनाटीच्या स्पर्धेत एकच मॅच मिळाली, तीही पावसामुळे दोन दिवस चालली, मॉनफिसकडून हरला आणि रॅकेट आपटून आपटून मोडली. म्हणजे न्यूयॉर्कला येताना, यूएस ओपन असते त्या हार्ड कोर्टवर (सिमेंटसारखं कडक) हातात एक मॅच!
मी स्वतः क्लबात मातीवर खेळतो. मागे भावाच्या सोसायटीत सिमेंटच्या कोर्टवर उतरलो तर पहिला अर्धा तास प्रत्येक बॉलला उशीर, आणि सवयीप्रमाणे घसरत बॉल गाठायला गेलो तर बूट जागीच चिकटला, गुडघा दोन दिवस बोंबलत होता. तो प्रो आहे, मी नाही, मान्य. पण टायमिंग बदलतं ते बदलतंच.

नेटकॉर्ड:
@लालमाती हे अर्धंच पटतं. जोकोविचपण ऑलिंपिक खेळून आला आणि यूएस ओपनला अल्काराझच्या दुसऱ्याच दिवशी पॉपिरिनकडून हरला, १४ डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून फुकट दिलेले पॉइंट) मारून, तिथपर्यंत ठीक. पण फ्रिट्झ? तोही पॅरिसला होता, डबल्सचं ब्राँझ घेऊन आला आणि यूएस ओपनची फायनल खेळला की! आणि हार्ड कोर्टचा प्रॉब्लेम म्हणशील तर महिनाभरात याच अल्काराझने बीजिंगला तेव्हाच्या नंबर वन सिनरला हरवलं, शेवटचा सेट ६-६ झाल्यावरच्या टायब्रेकमध्ये ०-३ वरून सलग सात पॉइंट काढून. टेनिस कुठे पळून गेलं नव्हतं, मन विटलं होतं. तो स्वतःच म्हणाला की ऑलिंपिकनंतर घेतलेली सुट्टी बहुतेक पुरली नाही आणि कोर्टवर समोरच्याशी खेळतोय तसाच स्वतःशीपण झगडत होतो. माझ्या मते ते ऑलिंपिक गोल्ड हुकलं तिथेच सगळं बिनसलं, मॉनफिसच्या मॅचला ते बाहेर आलं एवढंच.

फोरहँड_काकू:
अरे सगळे त्या एकट्याचीच नाडी तपासताय, समोरच्याने मॅच जिंकली त्याचं काय? बोटिक म्हणजे कोणी ऐरागैरा नाही. २०२१ ला क्वालिफायरमधून येऊन याच यूएस ओपनची क्वार्टर फायनल खेळला होता आणि मेदवेदेवने ती अख्खी स्पर्धा जिंकताना जो एकच सेट गमावला तो याच्याकडून. मग मात्र इतका घसरला की २०२४ मध्ये टेनिस सोडायचा विचार करत होता बिचारा. त्या दिवशी सपाट आणि खोल मारत राहिला, संधी दिसली की नेटवर. आणि आपले साहेब सर्व्हिस परतवताना पार मागे जाऊन उभे, मग त्याला पुढे यायला रान मोकळं. थकवा असेल हो, पण दोन पावलं पुढे उभं राहायला काय जात होतं? पहिला सेट ६-१ गेल्यावर तरी? ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते आणि त्यावर कोणी बोलतच नाही.

लालमाती:
काकू, पाय जड असले की माणूस मागेच उभा राहतो, बॉल बघायला जरा वेळ मिळतो म्हणून. म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात 😄

फोरहँड_काकू:
आले असेन. पण श्रेय बोटिकचंच.

ड्यूसवाला:
मॉनफिसची ती मॅच मी बघितलीच नव्हती, रात्री शोधतो. आणि हो, झांडशुल्प हे नाव मी वर कॉपी पेस्ट केलंय, कोणी स्पेलिंगबद्दल कौतुक करू नका.