मदत हवी आहे: उन्हात थांबली की गाडी सेल्फ घेते, पण चालू होत नाही

यावलनाका:
राम राम मंडळी. पेट्रोल-सीएनजी व्हॅन आहे, इंजेक्शनचं इंजिन. चोपड्याहून यावलमार्गे भुसावळपर्यंत चालताना काहीच तक्रार नाही. पण दुपारी माल उतरवायला पंधरा-वीस मिनिटं थांबलं की नंतर सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन उचलत नाही. पाऊण तासाने पहिल्याच सेल्फला चालू. सकाळी, रात्री कधीच त्रास नाही. पारा ४४ च्या पुढे गेल्यापासून हे रोजचं झालंय. प्लग आणि फिल्टर बदलून झाले. आता टाकीतला पेट्रोल पंप बदला म्हणतात, त्याचा खर्च मोठा आहे. आधी काय तपासू?

स्पार्कप्लग:
भाऊ, पंपाला आत्ताच हात लावू नका. गाडी मेकॅनिककडे पोचेपर्यंत थंड होते, मग सगळं ठीकच दिसतं आणि अंदाजाने पार्ट बदलले जातात. तपासणी बंद पडलेल्या अवस्थेतच, त्या पाऊण तासातच करायची. मल्टिमीटर गाडीत ठेवा.

चालताना त्रास नाही आणि थांबल्यावरच होतो, याला कारण आहे. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, समोरून वारा नाही, आणि लोखंडात साठलेली उष्णता बॉनेटखाली पसरते. पुढची पंधरा-वीस मिनिटं तिथलं तापमान उलट वाढतं. त्यात बाहेर खानदेशचा मे महिना. जो पार्ट कडेलोटाला आलेला असतो, तो नेमका तेव्हाच सोडतो.

आता बंद पडली की एवढं बघा. किल्ली ऑन करून सेल्फ न मारता टाकीकडे कान द्या. दोन-तीन सेकंद गुंऽऽ असा आवाज आला तर पंपाला करंट मिळतोय. मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा, किंवा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) असेल तर त्यावरचा आकडा. फिरणाऱ्या इंजिनाचे २००-२५० तरी दिसायला हवेत. स्कॅनरवर शून्यच राहिला तर संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचा दांडा फिरतोय का ते सांगणाऱ्या सेन्सरवर. नुसत्या काट्यावर भरवसा ठेवू नका, काही गाड्यांत सेल्फच्या वेळी तो हलतच नाही.

हा सेन्सर मेला की इंजिन फिरतंय हेच ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळत नाही. मग तो प्लगला करंट देत नाही, इंजेक्टर उघडत नाही, आणि सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांनंतर पंपही बंद ठेवतो. सेल्फ मारताना पंप गप्प दिसतो म्हणून चांगला पंप बदलला जातो. गॅस किटच्या स्विचवर थेट सीएनजीवर चालू करायची सोय असेल तर तीही करून बघा. गॅसवरही उचलत नसेल तर पेट्रोलच्या बाजूचा दोष जवळपास बाद.

तापीकाठ:
दादांचं बरोबर, पण आरपीएम दिसत असेल तर वाट वेगळी. तेव्हा किल्ली तीन वेळा ऑन-ऑफ करा, दर वेळी तीन सेकंद थांबा, मग सेल्फ. अशाने चालू झाली तर थांबल्यावर लाइनमधलं प्रेशर उतरतंय आणि पेट्रोलची वाफ होतेय. पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा प्रेशर रेग्युलेटर बघावा लागेल. उलट ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर उचलली आणि प्लग काढल्यावर ओला, पेट्रोलचा वास मारणारा निघाला, तर इंजेक्टर गळतोय किंवा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर इंजिन थंड असल्याचं खोटं सांगतोय.

तुमचा सेल्फ जोरात फिरतो म्हणून बॅटरी सोडून देतो. जड फिरत असता तर सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जातं का ते आधी बघितलं असतं.

यावलनाका:
आज फैजपूरला दुपारी अडीचला बंद पडली. किल्लीला पंपाचा आवाज येतो. स्कॅनरवर आरपीएम शून्य. गॅसवरही नाही. कोड पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटचा दोष. सेन्सर दोन पिनांचा आहे. कपलर (वायरचा जोड) काढून ओम मोजले तर मीटर डावीकडे नुसता १ दाखवतोय. सकाळी थंड असताना ८६० होते.

स्पार्कप्लग:
मग सापडलंच. दोन पिनांच्या सेन्सरात तांब्याची बारीक गुंडाळी असते. ५० अंश तापल्यावर तिचा रेझिस्टन्स २० टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे ८६० चे हजार-साडेदहाशे होणं ठीक. नुसता १ म्हणजे आत तार तुटलीय. तापल्यावर टोकं लांब सरकतात, थंड झाल्यावर पुन्हा टेकतात. मीटरची रेंज २००० वर होती ना? २०० वर असेल तर चांगला सेन्सरही १ दाखवतो. (तीन पिनांच्या सेन्सराला ही ओमची कसोटी लागू नाही.)

खात्रीसाठी ओलं फडकं फक्त सेन्सरवर पाच मिनिटं ठेवा. तापलेल्या सायलेन्सरवर पाणी पडू देऊ नका, मॅनिफोल्ड (इंजिनाला लागून असलेला धुराचा पाइप) तडकतो.

यावलनाका:
रेंज २००० वरच होती. फडकं ठेवलं, सहाव्या मिनिटाला गाडी चालू!

तापीकाठ:
छान. नवा सेन्सर बसवताना जागा कोरड्या कापडाने पुसा. जुन्याच्या टोकाला लोखंडी भुकटी चिकटलेली दिसेल, ती जागेवर राहिली तर सिग्नल कमजोर येतो. ओ-रिंग नवीन घ्या, तिला इंजिन ऑइलचं बोट लावा. बोल्ट हाताने टेकवून मग पान्याने जेमतेम घट्ट करा, जास्त आवळला तर प्लास्टिकचं कान तुटतं. कपलरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर साफ करा, वायर सायलेन्सरपासून लांब बांधा. शेवटी कोड पुसा आणि भर दुपारी वीस मिनिटं थांबवून पुन्हा सेल्फ मारा.