दगडी चाळीची नवरात्र आणि ‘आपला माणूस’

भायखळेकर: ‘दगडी चाळीच्या नवरात्रीतून गरीब कधी रिकाम्या हाताने गेला नाही, भाई देवमाणूस’ असं काल इथे कुणी भायखळ्याच्या दगडी चाळीतून टोळी चालवणाऱ्या अरुण गवळींबद्दल लिहिलं. राहवलं नाही. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं; आमच्याकडे वर्गणी मागायला येणारी टोळी वेगळी होती. पावतीपुस्तकावर वर्गणीचा आकडा आधीच लिहिलेला असायचा. वडील मुकाट्याने गल्ला उघडायचे. वरदराजनचा माटुंग्याचा गणपती, छोटा राजनचा टिळकनगरचा, सगळ्या टोळीवाल्यांना मंडप लागायचाच. तिथे पुढारी नि नट हात जोडून गेलेले दिसले, की पोलिसांत तक्रार द्यायची हिंमत कोण करणार?

लालबागकर: दुकानदारांना वर्गणीच दिसणार. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या चाळीत चुली थंड होत्या. खोलीचा वाद कोर्टात सडला असता, भाईंच्या माणसांनी दोन दिवसांत मिटवला. सरकार कुठे होतं तेव्हा?

भायखळेकर: मिटवला की दाबला? ज्याची खोली गेली त्याला विचारलंत?

परळवासी: संप ताणला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांनी. गिरणगाव बुडालं ते त्यांच्या हट्टापायी.

डिलाईल रोड: डॉक्टरांवर ढकलू नका! गिरण्या आजारी पाडल्या मालकांनी, डोळा जमिनीवर होता. १९९४ मध्ये खटाव गिरणीचे मालक सुनीत खटावांना महालक्ष्मीला भर रस्त्यात गोळ्या घातल्या, त्या गिरणीच्या वादात टोळ्या उतरल्या होत्या. १९९७ मध्ये डॉक्टरांचाच खून झाला. माझे वडील त्या अंत्ययात्रेत चालले होते. कामगारांचे कैवारी म्हणवणारे भाई जमिनी विकताना कामगाराच्या बाजूने उभे राहिले का, तेवढं सांगा.

परळवासी: तुमचे वडील संपात होते म्हणून संप बरोबर ठरत नाही.

लालबागकर: जमिनीचं मान्य, नाइलाजाने. पण २००४ मध्ये चिंचपोकळीने गवळींना आमदार केलं. ती सगळी मतं काय भीतीपोटी पडली?

भायखळेकर: सगळी नसतील, तेवढं कबूल. दाऊदसमोर ‘आपला मराठी माणूस’ म्हणून मोठमोठ्या नेत्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. आणि २००७ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसांडेकर स्वतःच्या घरात मारले गेले. सुपारी ३० लाखांची. त्याच खुनासाठी २०१२ मध्ये गवळींना जन्मठेप झाली. जामसांडेकर मराठी नव्हते का?

लालबागकर: त्या खुनाचं समर्थन मी करत नाही, करणारही नाही. पण खोलीच्या तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात माझ्या आईला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी ‘उद्या या’ म्हणाले. देवमाणूस कुणाला म्हणायचं ते आम्हाला शिकवण्याआधी त्याचं उत्तर द्या.