मदत हवी आहे: पेट्रोलचा भाव कशाशी ताडून पाहावा?

पेट्रोल महाग की स्वस्त, हे मुलांना नीट समजावायचं आहे. अत्तराशी किंवा प्रिंटरच्या शाईशी लिटरमागे केलेली तुलना मला अजिबात पटत नाही. अत्तराने कोणी टाकी भरत नाही.

वीजबिलाच्या मापात एक लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ९ युनिट ऊर्जा. इंजिनात तीन चतुर्थांश उष्णता म्हणून वाया गेली, तरी दोनेक युनिट काम उरतं. धडधाकट माणूस ८ तास राबला तर जेमतेम ०.६ युनिट! पण ज्याची निम्मी मजुरी टाकीत जाते, त्याला हा हिशेब काय कामाचा? त्यापेक्षा लिटरमागे किती मिनिटं राबावं लागतं, हे माप खरं वाटतं.

जुन्या भावांशी तुलना करताना महागाई आणि मायलेज दोन्ही एकत्र कसं धरायचं? कृपया पद्धत सांगा.